साहस शिबिर

शाळेची सहल म्हटली की प्रेक्षणीय स्थळे, सोबतचा डबा आणि संध्याकाळी घरी परतणे असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. साहस शिबिर याहून वेगळे असते. त्यात विद्यार्थी काही दिवस घरापासून दूर, तंबूत राहतात. डोंगर चढतात, दोराच्या साहाय्याने कडा उतरतात आणि स्वयंपाक व स्वच्छता स्वतः करतात. रायपूरमधील गुढियारीसारख्या गजबजलेल्या वस्तीत वाढणाऱ्या मुलाला रानातील काळोखाची आणि पायांखालच्या कातळाची खरी ओळख बहुधा अशा शिबिरातच होते.

या कल्पनेला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. ऑगस्ट 1907 मध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले. काही मुले नामवंत शाळांतील, तर काही सामान्य कुटुंबांतील होती. त्यांच्या लहान तुकड्या करून प्रत्येक तुकडीचे नेतृत्व एका मुलाकडे सोपवण्यात आले. बालवीर चळवळीचा प्रारंभ येथूनच झाला.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1941 साली, शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांनी वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे साहस प्रशिक्षणाची शाळा सुरू केली. जहाज बुडाल्यावर तरुण खलाशी वयस्क खलाशांच्या आधी धीर सोडतात, असे होल्ट यांचे मत होते. तरुणांच्या अंगी बळ होते. संकटाचा अनुभव मात्र नव्हता. तो अनुभव सुरक्षितपणे मिळावा, हा या शाळेचा हेतू होता.

हा अनुभव कसा दिला जातो, हे कडा उतरण्याच्या उदाहरणावरून समजेल. उतरणारा विद्यार्थी कंबर व मांड्यांभोवती हार्नेस नावाचे पट्टे बांधतो आणि डोक्यावर शिरस्त्राण घालतो. मुख्य दोराखेरीज त्याला आणखी एक सुरक्षादोर जोडलेला असतो. या दोराचे दुसरे टोक सोबत्याच्या हाती असते. उतरणाऱ्याचा पाय निसटला, तर सोबत्याने तो दोर तत्काळ रोखायचा असतो. त्याचे लक्ष क्षणभर विचलित झाले, तर उत्तम साहित्यही निरुपयोगी ठरू शकते. म्हणून प्रत्येक गाठ आणि प्रत्येक कडी दोघांनी तपासायची व प्रशिक्षकाच्या परवानगीनंतरच पाऊल उचलायचे, असा नियम असतो. मित्राचा जीव आपल्या हाती आहे, ही जाणीव कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक शिकवून जाते.

अशा शिक्षणाचे सामर्थ्य छत्तीसगडच्या शेजारच्या विदर्भात दिसून आले. महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाने 'मिशन शौर्य' ही मोहीम हाती घेतली. चंद्रपूर जिल्ह्यातील शासकीय आश्रमशाळांमधून विद्यार्थी निवडण्यात आले. हिमालयापासून दूर वाढलेल्या या मुलांना टप्प्याटप्प्याने गिर्यारोहणाचे प्रशिक्षण मिळाले आणि मे 2018 मध्ये त्यांपैकी पाच जणांनी एव्हरेस्ट सर केले. मोहिमेतील सर्वांनाच शिखर गाठता आले नाही. परंतु त्यामुळे त्यांची तयारी वा धैर्य उणे ठरत नाही. उंच पर्वतावर विरळ हवा, हवामान आणि शरीराची अवस्था पाहून मागे फिरावे लागते. शिखर गाठणे जितके महत्त्वाचे, तितकेच सुखरूप परतणेही महत्त्वाचे असते.

म्हणूनच साहस आणि बेफिकिरी यांतील भेद ओळखला पाहिजे. पालकांची संमती, आरोग्य तपासणी, प्रथमोपचाराची सोय, अनुभवी प्रशिक्षक आणि हवामानाचा अंदाज यांवाचून शिबिर भरवू नये. पावसाळ्यात नदीचे पाणी अकस्मात वाढते. तेव्हा कार्यक्रम रद्द करणे हा भित्रेपणा नव्हे, शहाणपणा आहे. त्याचप्रमाणे 'मला भीती वाटते' असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याची थट्टा होता कामा नये. भीती धोक्याची सूचना देते. ती लपवणारा चूक करू शकतो. ती सांगणाऱ्याला मदत मिळते.

शिबिर संपते, तंबू गुंडाळले जातात. मात्र दोराचे टोक घट्ट धरून मित्राकडे लक्ष ठेवण्याची सवय पुढील आयुष्यातही उपयोगी पडते.