मधल्या वाटेचें राजकारण

फ्रान्समध्यें २०२४ च्या निवडणुकींत ५७७ सभासदांच्या लोकसभेंत कोणत्याच गटास बहुमत मिळालें नाहीं. मध्यममार्गी बायरू यांनीं कसेंबसें प्रधानमंडळ चालविलें. २०२५ च्या सप्टेंबरांत खर्चकपातीच्या प्रश्नावर स्वतःच विश्वासमत मागितलें आणि ३६४ विरुद्ध १९४ मतांनीं ते हरले. आम्हां वऱ्हाडकरांस हा खेळ नवा नाहीं.

बार्शीटाकळीहून थोड्या कोसांवरील अकोल्यास १९२६ च्या फेब्रुवारींत प्रतियोगी सहकारितेचा पक्ष उभा राहिला. १९२३ पासून मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कौन्सिलांत स्वराज्यपक्षाचें बहुमत होतें. मंत्रिपदें घ्यावयाचीं नाहींत व कोणास सुखानें भोगूंही द्यावयाचीं नाहींत, असा त्याचा बाणा. १९२५ च्या आक्टोबरांत अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनीं पक्षास न विचारतां गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळांत जागा स्वीकारली आणि घर फुटलें. जयकर, केळकर, डॉ. मुंजे, बापूजी अणे यांचें म्हणणें असें कीं, मिळेल तें पदरांत घ्यावें व उरलेल्यासाठीं भांडावें. टिळकांचेंच तें सूत्र. आमच्या मतें तें चुकीचें नव्हतें. शिक्षण, आरोग्य हीं सोंपीव खातीं ओस ठेवून रयतेचें कोणतें हित साधणार होतें?

अडचण निराळीच होती. १९२७ त राघवेंद्रराव व रामराव देशमुख मंत्री झाले खरे. परंतु तिजोरी राखीव खात्याकडे, आणि कौन्सिलांत एकट्याचें बहुमत कोणापाशींच नाहीं! उसन्या मतांवर संसार करणें किती कठीण, हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगावयास नको. तांबे मात्र १९२९ मध्यें कांहीं काळ हंगामी गव्हर्नरही झाले.