राजगड ते पुरंदर : वकिलाची वाट

दिवाळीत अंगणात पोरं दगडमातीचा किल्ला करतात. अळीव पेरून हिरवळ उगवून आणतात, बुरुजांवर मावळे उभे करतात, दरवाज्यापाशी तोफ, आणि अगदी वर सिंहासनावर महाराज. किल्ल्यावरची चित्रं विकणाऱ्याकडे भालदार मिळतो, गवळण मिळते, वाघ मिळतो. पालखीत बसून शत्रूच्या छावणीकडे निघालेला वकील मात्र मला आजवर कुठल्याच हातगाडीवर दिसला नाही. याची मला खंत वाटते, कारण आमच्या कामथडीतल्या मुलांनी किल्ला केला तर त्यावर वकिलासाठी जागा हवीच.

कामथडी भोर तालुक्यात, पुणे-सातारा रस्त्यावर. पूर्वेला पुरंदर, पश्चिमेला राजगड आणि मधल्या खोऱ्यात आम्ही. १६६५ च्या उन्हाळ्यात राजगडावर शिवाजी महाराज होते आणि पुरंदराच्या पायथ्याशी मोगल सेनानी मिर्झाराजे जयसिंगांची छावणी पडली होती. पत्रं आणि माणसं या मुलुखातून ये-जा करत होती. पुढे १७७६ मध्ये त्याच पुरंदरावर पुणे दरबारानं इंग्रजांशी तह केला. शाळेत पहिल्या तहाची कलमं पाठ करून घेतात, दुसऱ्याच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. पण वैऱ्याच्या सरकारशी बोलावं की नाही, हा प्रश्न पडला की मला दोन्ही तह शेजारी शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात.

प्रश्न आजचाच आहे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये दहशतवादी हल्ल्यात २६ माणसं मारली गेली. त्यांत पुण्याचीही होती. पुढचे कित्येक दिवस पारावर, एसटीत, दुधाच्या डेअरीवर एकच वाक्य कानावर येई : आता पाकिस्तानशी कसली बोलणी? तो राग माझाही होता आणि अजून निवलेला नाही. तरीही मला वाटतं, वैरी वाईट आहे एवढ्यावर बोलावं की नाही हे ठरत नाही. आमच्या खोऱ्यानं हे दोनदा पाहिलं आहे.

जयसिंग मार्च १६६५ च्या सुरुवातीला पुण्यात आले आणि महिनाअखेर दिलेरखानानं पुरंदराला वेढा घातला. एप्रिलच्या मध्यावर शेजारचा वज्रगड पडला. मुरारबाजी देशपांडे निवडक माणसं घेऊन दिलेरखानाच्या फौजेवर कोसळले ते याच वेढ्यात. ते पडले तरी गड पडला नाही. ही लढाई सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट चालली होती, ती फार कुणी सांगत नाही. एप्रिलच्या अखेरीस जयसिंगांनी दाऊदखान कुरेशीला सुमारे सात हजारांची फौज देऊन गडांच्या पायथ्याच्या गावांवर सोडलं. रोहिड्याच्या बाजूला पन्नासेक गावं जाळली गेली. मग राजगडाच्या आणि कोंढाण्याच्या आसपासची गावं. माणसं आणि गुरं धरून नेली. हे जयसिंगांच्याच पत्रव्यवहारातून कळतं. त्यांचे मुन्शी उदयराज यांनी लिहिलेली फारसी पत्रं 'हफ्त अंजुमन' या संग्रहात आहेत. गड अभेद्य असतो, पायथ्याचं गाव नसतं. रोहिडा, राजगड, कोंढाणा ही नावं एका दमात वाचली की डोळ्यांपुढे आमचाच तालुका आणि त्याची शीव उभी राहते.

महाराजांनी बोलणी धरली ती या धुरात. रघुनाथपंत वकील म्हणून छावणीत जात होते. सुरुवातीची पत्रं जयसिंगांनी दाद न देता परत लावली. मग अभयाची शपथ झाली आणि ११ जून १६६५ च्या सकाळी मोजकी माणसं बरोबर घेऊन महाराज पालखीतून छावणीत आले. वाटेत त्यांना निरोप मिळाला की सगळे गड द्यायचे असतील तरच पुढे या. ते पुढे आले. जयसिंगांनी मिठी मारली, शेजारी बसवलं, भोवती हत्यारबंद रजपूत उभे होते. त्याच वेळी समोर गडावर हल्ला चालू होता, तंबूतून दिसेल अशा बेतानं मुद्दाम चढवलेला. हे सामर्थ्य दाखवून बोलणं होतं. महाराजांनी पुरंदर देण्याचं कबूल करून हल्ला थांबवायला लावला. दुसऱ्या दिवशी गडावरून सुमारे सात हजार माणसं बाहेर पडली. त्यांत लढणारी चार हजार, बाकीची बाया, मुलं, कारागीर. तहाचं मोल मोजताना मी आधी हा आकडा धरतो.

तहाची किंमत जबर होती. तेवीस गड आणि चार लाख होनांचा मुलूख गेला. गेलेल्यांत पुरंदर, कोंढाणा आणि आमचा रोहिडाही होता. बारा गड आणि लाख होनांचा मुलूख राहिला. आठ वर्षांचे संभाजीराजे मोगलांचे पंचहजारी मनसबदार ठरले, म्हणजे खरं तर ओलीस म्हणून छावणीत गेले. शेजारच्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी दूध पाजून वाढवलेलं हे पोर. त्या घरी त्या दिवशी काय झालं असेल, हे कुठल्याही कागदात नाही.

मग ही शरणागती होती का? बरेच जण दबक्या आवाजात तसं म्हणतात. मला पटत नाही, आणि त्याचं कारण बोलणी कोणत्या वेळी झाली यात आहे. पुरंदर तेव्हा लढत होता. तो पडल्यावर महाराज छावणीत आले असते तर त्यांच्या हातात द्यायला काही उरलं नसतं, आणि ज्याच्या हातात द्यायला काही नाही त्याला समोरचा फक्त अटी वाचून दाखवतो. दुसरं कारण, समोरच्याची भीती महाराजांना नेमकी ठाऊक होती. जयसिंगांना पुढे विजापूरवर जायचं होतं आणि शिवाजी-आदिलशाही एक होतील हा त्यांना घोर होता. महाराजांनी त्या घोरावरच बोट ठेवलं. विजापूरच्या ताब्यातला कोकणातला आणि घाटमाथ्यावरचा मुलूख आम्हाला द्या, बदल्यात तेरा वर्षांत चाळीस लाख होन देतो, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. हरलेला माणूस तहाच्या बैठकीत नव्या मुलुखाची मागणी करतो, ही गोष्ट मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा थक्क होतो. आणि तिसरं म्हणजे राखलेल्या बारांत राजगड आणि तोरणा होते. जे दिलं ते पुन्हा घेता येईल आणि जे राखलं त्यावरून घेता येईल, असा तो हिशेब होता. पुढे आग्र्याची कैद आली, १७ ऑगस्ट १६६६ ची सुटका आली. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन कोंढाणा घेतला आणि मार्चमध्ये निळोपंत मुजुमदारांनी पुरंदर. पावणेपाच वर्षं तहानं मिळवून दिली होती.

या जिल्ह्याला वकिलांची परंपराच आहे. १६५९ मध्ये अफजलखानाकडे गेलेले पंताजी गोपीनाथ बोकील सासवडजवळच्या हिवऱ्याचे. खानाच्या छावणीत त्यांनी बोलणी तर केलीच, पण खानाच्या मनात काय आहे याचा ठावही घेतला. आणि १७७६ च्या तहात मराठ्यांच्या बाजूनं पुढे असलेले सखारामबापू त्याच हिवऱ्याच्या बोकिलांचे वंशज.

या दुसऱ्या तहाची गोष्ट गुंतागुंतीची आहे आणि माझ्या मते आज ती जास्त उपयोगाची आहे. पेशवे नारायणरावांच्या खुनानंतर त्यांचे चुलते रघुनाथराव इंग्रजांच्या आसऱ्याला गेले. नारायणरावांच्या विधवा गंगाबाईंना १७७४ च्या एप्रिलमध्ये पुरंदरावरच मुलगा झाला, आणि त्याच्या नावानं बारभाई म्हणजे दरबारातले मुत्सद्दी कारभार पाहू लागले. मुंबईकर इंग्रजांनी वर्षाअखेर साष्टी बळकावली आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेला रघुनाथरावांशी तह करून त्यांना गादीवर बसवायचं वचन दिलं. लढाई पेटली. तेवढ्यात कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारनं मुंबईला फटकारलं की १७७३ च्या कायद्यानं लढाई आणि तह यांचा अधिकार आमचा, तुमचा सुरतेचा तह बेकायदा. कलकत्त्याहून कर्नल अप्टन वकील होऊन पुरंदरावर आला. सखारामबापू आणि नाना फडणीस यांनी त्याच्याशी दोन महिने घासाघीस केली. १ मार्च १७७६ ला तह झाला. इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडायचा आणि रघुनाथरावांनी महिना पंचवीस हजार घेऊन कोपरगावी राहायचं. इंग्रजांना बारा लाख रुपये मिळायचे. साष्टीही त्यांच्याकडेच राहिली. कागदावर पाहिलं तर पुणे दरबारानं शत्रूला त्याच्या हस्तकापासून तोडलं होतं.

प्रत्यक्षात मुंबईकरांनी तह मानलाच नाही. त्यांनी रघुनाथरावांना आधी सुरतेत आणि मग मुंबईत ठेवून घेतलं. त्याच वर्षी लंडनहून कंपनीच्या संचालकांचं पत्र आलं, त्यात सुरतेच्या तहाला पसंती होती. म्हणजे एकाच वैऱ्याची तीन घरं : कलकत्ता सही करतं, मुंबई ती मोडते आणि लंडन मोडणाऱ्याची पाठ थोपटतं. नाना फडणिसांची शत्रूकडची खबर घेण्याची यंत्रणा नावाजलेली होती. तरीही इंग्रजांच्या घरात खरी किल्ली कुणाकडे आहे, हा अंदाज त्या वेळी चुकला असं माझं मत आहे. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईची फौज पुण्यावर चालून आली, वडगावला कोंडली गेली आणि तिथं करार लिहून देऊन सुटली. तो करारही मुंबई आणि कलकत्ता दोघांनी झिडकारला. अखेर १७ मे १७८२ ला साल्बाईचा तह झाला, महादजी शिंदे त्याला जामीन राहिले, आणि मग कुठे वीस वर्षं शांततेची मिळाली. यातला जामीन मला महत्त्वाचा वाटतो. दोन्ही बाजूंना ज्याला दुखवणं परवडत नव्हतं असा माणूस मध्ये उभा राहिला तेव्हा कागदाला वजन आलं.

फेब्रुवारी १९९९ मध्ये अटलबिहारी वाजपेयी बसनं लाहोरला गेले, जाहीरनाम्यावर सह्या झाल्या, आणि मे महिन्यात कारगिलच्या शिखरांवर घुसखोर सापडले. मला तेव्हा अप्टनची आठवण झाली. वाजपेयींनी बोलायला नको होतं असं मी म्हणणार नाही. समोर सही करणारं सरकार होतं आणि बंदुका दुसऱ्याच्या, सेनाप्रमुखाच्या, हातात होत्या. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला, १६६ माणसं गेली आणि चालू असलेली संवाद-प्रक्रिया थांबली. थांबवली ते बरोबर केलं. ज्याच्याशी बोलतो त्याचा शब्द त्याच्याच घरात चालत नसेल, तर पुढची बैठक ही मुंबईकर इंग्रजांना दिलेली सवड ठरते.

आमच्या रस्त्यानं पुढे गेलं की कराड लागतं. तिथले यशवंतराव चव्हाण जानेवारी १९६६ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून लालबहादूर शास्त्रींबरोबर ताश्कंदला होते. जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजीपीर खिंड त्या करारानं परत गेली. हे शल्य पुष्कळांच्या मनात आहे आणि ते मला खोटं वाटत नाही. पुरंदरच्या पट्टीनं मोजायचं तर विचारायला हवं की परत दिल्यावर आपल्या हातात कोणते बारा गड राहिले. काश्मीरचा प्रश्न होता तिथंच राहिला, मग ती खिंड देण्याचा हिशेब मला जुळवता येत नाही.

म्हणजे माझं उत्तर बोलावं असंच आहे. मात्र तीन गोष्टी आधी पाहाव्यात. आपला गड अजून लढतो आहे ना, समोरच्या घरात किल्ली कुणाकडे आहे, आणि दिल्यावर मागे काय उरतं. यांतली एकही धड नसेल तर मोठी बैठक नको. पण वकिलाची वाट तेव्हाही बुजू देऊ नये. ७ मे २०२५ ला भारतानं पाकिस्तानवर हल्ले केले, सिंधू पाणीवाटप करार आधीच स्थगित केला होता, अटारीची वाट बंद होती. तरी १० मे रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांचा आपल्या महासंचालकांना दूरध्वनी आला आणि त्याच संध्याकाळी पाच वाजता तोफा थांबल्या. ती तार जोडलेली होती म्हणून तो निरोप पोहोचला.

आणखी एक वाट कुणाच्या फारशा लक्षात नसते. १९८८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. २००८ पासून १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्याही दिल्या जातात. लढाईला दोन महिने झाले नसताना १ जुलै २०२५ ची यादीही ठरल्याप्रमाणे आली. पाकिस्ताननं त्यांच्या ताब्यातले १९३ मच्छीमार भारतीय असल्याचं, किंवा भारतीय असल्याचं मानलं जात असल्याचं कळवलं. आपल्या पालघर जिल्ह्यातले, डहाणू-तलासरीकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि समुद्रातली न दिसणारी रेघ ओलांडली म्हणून असे धरले जातात. मागे राहिलेल्या घरात बायको दुसऱ्याच्या शेतावर राबते आणि तालुक्याला जाऊन विचारते, नाव आलं का?