दारव्ह्यात जी किती?

बारावीपर्यंत गुरुत्व त्वरणाची किंमत हातात दिलेली असते. गणिताखालीच छापलेलं असतं: जी बरोबर ९.८. एमएचटी-सीईटीला भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, तेव्हा हे ९.८ आलं कुठून, हे विचारायला सवडच नसते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी नेमकं तेच विचारलं जातं. सीईटीत चांगले गुण मिळवलेली मुलंही इथे अडखळतात, कारण आता उत्तराबरोबर ‘या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा’ हेही सांगायचं असतं.

दारव्ह्यात मुंगसाजी महाराज महाविद्यालय आहे, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेलं. तेव्हा प्रश्न दारव्ह्यापुरताच घेऊ. इथे जी किती?

आधी कागदावर काढू. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ती विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. तिथे जी ९.७८० आहे आणि ध्रुवांवर ९.८३२. दारव्हा सुमारे २०.३ अंश उत्तर अक्षांशावर येतं. अक्षांशाच्या सूत्रात हा आकडा घातला की समुद्रसपाटीसाठी ९.७८६५ मिळतात. गाव समुद्रसपाटीच्या वर आहे आणि दर ३०० मीटर उंचीला जी साधारण ०.००१ ने घटतो. म्हणजे इथला जी ९.७८६ किंवा त्याहून किंचित कमी. हा फरक क्षुल्लक वाटेल, पण १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झां रिशे पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तेव्हा त्याचं लोलकाचं घड्याळ रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं. तसंच पॅरिसचं घड्याळ दारव्ह्यात आणून टांगलं, तर ते दिवसाला पावणेदोन मिनिटं मागे पडेल.

आता प्रयोगशाळेत जाऊ. पहिल्या वर्षी हमखास असणारा प्रयोग म्हणजे बार पेंड्युलम. एक मीटर लांबीची धातूची पट्टी, तिला ठरावीक अंतरावर भोकं. एकेका भोकातून नाइफ-एज, म्हणजे धारदार कडेचा आधार, घालून पट्टी टांगायची, थोडी ओढून सोडायची आणि २० दोलनांचा वेळ घ्यायचा.

स्टॉपवॉच हातात घेण्याआधी वहीत अंदाज लिहावा, असा माझा आग्रह आहे. पट्टी टोकाशी टांगली आणि मग टांगायचा बिंदू हळूहळू मध्याकडे सरकवला, तर दोलनकाळ वाढेल की कमी होईल? बहुतेक जण ‘कमी होत जाईल’ म्हणतात, कारण शाळेतला साधा लोलक आखूड केला की भराभर हलतो. सूत्र वेगळं सांगतं. गुरुत्वमध्यापासून ४५ सेंटिमीटरवर टांगलेल्या पट्टीचा दोलनकाळ १.६० सेकंद येतो, २९ सेंटिमीटरच्या आसपास १.५३, पण १० सेंटिमीटरवर १.९४ आणि ५ सेंटिमीटरवर तब्बल २.६३. आधी कमी होतो, मग वाढत सुटतो. कारण मध्याजवळ टांगल्यावर पट्टीला परत ओढणारं बल-आघूर्ण नाममात्र उरतं, पण तिचं जडत्व काही तेवढं घटत नाही. दोलनकाळ सर्वांत कमी कुठे, हे बारावीच्या गणितातल्या कमाल-किमान मूल्यांच्या प्रकरणातून निघतं. मीटरभर पट्टीसाठी मीटरला १२ च्या वर्गमुळाने भागायचं: २८.९ सेंटिमीटर. ज्यांनी विकलन नुसतं पाठ केलं होतं, त्यांना ते इथे पहिल्यांदा कामाला येताना दिसतं.

अंतर आणि दोलनकाळ यांचा आलेख काढला की मध्याच्या दोन बाजूंना दोन सारखे वक्र येतात. त्यांना छेदणारी आडवी रेघ मारा. एकाच दोलनकाळाचे चार बिंदू मिळतात. १.६० सेकंदाच्या रेघेवर एका बाजूला ४५ सेंटिमीटर असेल, तर दुसऱ्या बाजूला १८.५ सापडेल. या दोघांमधलं अंतर, ६३.५ सेंटिमीटर, हीच त्या दोलनकाळाच्या साध्या लोलकाची लांबी. चार पायच्या वर्गाने ती गुणा, दोलनकाळाच्या वर्गाने भागा, जी मिळाला.

चुकण्याची पहिली जागा मोजणीत आहे. पट्टी सोडताना ‘एक’ म्हटलं आणि ‘वीस’ला घड्याळ थांबवलं, तर दोलनं १९ च झालेली असतात. २० ने भागलं की जी १०.८ येतो. सुरुवात ‘शून्य’ने करायची. दुसरी जागा कोनाची. पट्टी दहा अंशांवर झुलत राहिली तर दोलनकाळ ०.१९ टक्के वाढतो आणि जी ०.३८ टक्के कमी दिसतो. पाच अंशांच्या आत ठेवलं की ही चूक चौथाई होते.

तिसरी जागा आपल्या बोटाची, आणि ती पूर्ण टाळता येत नाही. घड्याळ सुरू-बंद करताना ०.२ सेकंद इकडे-तिकडे होतातच. २० दोलनांना ३२ सेकंद लागतात, म्हणजे चूक ०.६ टक्के. सूत्रात दोलनकाळाचा वर्ग आहे, म्हणून जीमध्ये ती दुप्पट होते: सव्वा टक्का, ०.१२. तेव्हा ‘९.७ अधिक-उणे ०.१’ हे चोख उत्तर आहे, आणि जर्नलमध्ये लिहिलेलं ‘९.८०’ त्याहून कमी खरं आहे. मागच्या वर्षीच्या जर्नलवरून रीडिंग उतरवून, उत्तर ९.८ यावं म्हणून आकडे मागून जुळवायची रीत आपल्याकडे सर्रास चालते. मला तिचं फार वाईट वाटतं. त्यात चूक किती याचा अंदाज करायची कला जाते, आणि प्रयोगाने शिकवायची गोष्ट तीच होती. १०० दोलनं मोजली तर चूक ०.०२४ वर येते. ९.८० आणि दारव्ह्याचं ९.७८६ यांत फरक ०.०१४ चा. एवढा खटाटोप करूनही तो एका मोजणीत पकडता येत नाही, पण आता आपण कुठे कमी पडतो हे आकड्यात सांगता येतं.

तो फरक पकडणारं उपकरण हेन्री केटरने १८१७ मध्ये केलं. एकाच दांड्याला दोन नाइफ-एज, दोन्हीकडून टांगून दोलनकाळ सारखा आणायचा. आलेखावरच्या ४५ आणि १८.५ या जोडीचंच हे रूप. हा केटर तरुणपणी हिंदुस्थानात लॅम्बटनच्या हाताखाली त्रिकोणमितीय सर्वेक्षणात होता. लॅम्बटन १८२३ मध्ये, ७८ रेखांशालगतची मोजणी उत्तरेकडे नेत असताना, शेजारच्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. दारव्हा याच रेखांशाला लागून आहे. पुढे १८६५ पासून याच सर्वेक्षणातल्या बॅसेव्हीने लोलक घेऊन देशभर जी मोजला आणि १८७१ मध्ये लडाखमध्ये हेच काम करताना त्याचा मृत्यू झाला. तुमच्या विभागात केटरचा लोलक असेल, तर पहिल्या वर्षीच सरांना विचारून एक दुपार मागून घ्या, आणि बार पेंड्युलमची वही सोबत न्या.