अहवालाची हद्द आणि नदीची वाट

महाराष्ट्रातील प्रत्येक महानगरपालिका दरवर्षी एक जाडजूड दस्तऐवज तयार करते. त्याचे नाव ‘पर्यावरण सद्यस्थिती अहवाल’. हवा, पाणी, ध्वनी, कचरा, झाडे, वाहने, वीज अशा सगळ्याची वर्षभराची नोंद त्यात असते. हा हौसेचा उपक्रम नव्हे. आयुक्तांनी सरलेल्या वर्षाचा असा अहवाल ३१ जुलैपूर्वी महापालिकेपुढे ठेवावा, असे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ६७अ सांगते. मुंबईच्या स्वतंत्र कायद्यातही तशीच तरतूद आहे. तरीही हा अहवाल वाचलेला नागरिक सहसा भेटत नाही.

या कर्तव्याचे मूळ ७४ व्या घटनादुरुस्तीत आहे. १९९२ साली संमत झालेली ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत. त्यांतला आठवा विषय नागरी वनीकरण आणि पर्यावरण रक्षणाचा. दिवे, रस्ते, गटारे सांभाळणाऱ्या संस्थेने आपल्या हवापाण्याचाही हिशेब द्यावा, हा विचार तेव्हापासून नगरशासनात रुजला.

हिशेब मांडायची एक रीत ठरून गेली आहे. अनेक अहवाल पाच पायऱ्यांची साखळी वापरतात : प्रेरक कारण, दबाव, स्थिती, परिणाम आणि प्रतिसाद. उदाहरणार्थ, लोकसंख्या वाढली, हे कारण. सांडपाणी वाढले, हा दबाव. नदीतला प्राणवायू घटला, ही स्थिती. मासे मेले, जलपर्णी माजली, हा परिणाम. शुद्धीकरण केंद्र उभारले, हा प्रतिसाद. साखळी सोपी आहे, पण शेवटची कडी पहिल्या चारांना पुरी पडते का, हे आकडे जुळवूनच कळते.

नदीसाठीचा कळीचा आकडा म्हणजे बीओडी. पाण्यातील सेंद्रिय घाण खाऊन संपवताना सूक्ष्मजीवांना जितका प्राणवायू लागतो, ते त्याचे माप. घाण जास्त तितकी ही मागणी मोठी, आणि तितका माशांच्या वाट्याचा प्राणवायू कमी. नदीत स्नान करायचे तर बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा निकष आहे. याच ३ च्या रेषेवरून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे प्रदूषित पट्टे ठरवते. २०१८ च्या यादीत देशात ३५१ पट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रात. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर उतरला, महाराष्ट्राचा मात्र ५५ झाला. दोन्ही वेळा आपले राज्य सर्वांत वर होते.

ही मापे महापालिका एकटी घेत नाही. नद्यांचे नमुने प्रामुख्याने १९७० साली स्थापन झालेले राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ तपासते. पुण्याच्या हवेचा अंदाज ‘सफर’ प्रणालीतून येतो आणि ती चालवते भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था. वाहनांची संख्या परिवहन कार्यालयाची, विजेची महावितरणची. महापालिका हे सारे एकत्र बांधते. यात गैर काही नाही. अडचण पुढे आहे, आणि ती दोन प्रकारची आहे.

पहिली अडचण हद्दीची. पवना पिंपरी-चिंचवडमधून येऊन दापोडीजवळ मुळेला मिळते. पुण्यात संगमावर मुळा आणि मुठा एक होतात. तिथून मुळा-मुठा थेऊरवरून वाहत रांजणगाव सांडसजवळ भीमेत शिरते. आळंदीत फेस अंगावर घेऊन निघालेली इंद्रायणीही तुळापूरला भीमेलाच मिळते. हे सगळे पाणी उजनी धरणात साठते. सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते. त्याच भीमेची पंढरपुरात चंद्रभागा होते आणि आषाढीला लाखो वारकरी तिच्यात उतरतात. आळंदीहून माउलींची पालखी ज्या पंढरीकडे चालत जाते, तिकडेच इंद्रायणीचे पाणीही जात असते. पुण्याचा अहवाल मात्र पुण्याच्या वेशीवर संपतो. पिंपरी-चिंचवडचा वेगळा, सोलापूरचा वेगळा. ज्या शहरामुळे पाणी बिघडते आणि ज्या शहराला ते प्यावे लागते, त्या दोघांच्या वह्या कधी एकमेकींशेजारी ठेवल्या जात नाहीत.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. शहरी नदीतल्या प्रदूषणाचा मोठा वाटा प्रक्रिया न झालेल्या मैलापाण्याचा असतो, आणि मैलापाणी ही महापालिकेचीच जबाबदारी. म्हणजे जिच्याविरुद्ध नोंद करायची, तीच संस्था नोंदवही लिहिते. पुण्यात ११ नवी शुद्धीकरण केंद्रे उभारून दररोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता वाढवण्याच्या प्रकल्पाला जपानच्या अर्थसाहाय्यासह २०१६ साली मंजुरी मिळाली. कामे वर्षानुवर्षे रेंगाळली. ‘प्रतिसाद’ या मथळ्याखाली मंजूर प्रकल्प आणि चालू प्रकल्प शेजारी शेजारी बसले की वाचणाऱ्याला फरक सहज जाणवत नाही.

या दोषावर कायद्याने उपाय ठेवला होता : अहवाल आयुक्तांनी लिहायचा, पण ठेवायचा लोकप्रतिनिधींपुढे. मार्च २०२२ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तिथे प्रशासकांचा कारभार राहिला. आयुक्त हेच प्रशासक. जवळपास चार वर्षे अहवाल सादर करणारा आणि स्वीकारणारा एकच होता. सभागृह असतानाही स्थिती फार निराळी नसते. अहवाल ठेवावा असे कलम सांगते. त्यावरून काय ठरवावे, याबद्दल ते बोलत नाही.

तरीही हे कागद निरुपयोगी नाहीत. ते तीन प्रश्न हाती घेऊन वाचावे लागतात. एक, नमुना दरवर्षी त्याच ठिकाणी आणि त्याच ऋतूत घेतला आहे का? पावसाळ्यातली नदी नेहमीच निर्मळ दिसते. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते. दोन, शहरात शिरणाऱ्या आणि शहराबाहेर पडणाऱ्या पाण्याचे आकडे वेगवेगळे दिले आहेत का? त्या दोहोंतला फरक म्हणजे शहराची स्वतःची भर. तीन, मागच्या अहवालातली शिफारस अंदाजपत्रकात उतरली का? जुलैची मुदत इथे उपयोगी पडते. पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक त्यानंतर काही महिन्यांनी बनते. अहवालात दिसलेली उणीव तिथे रकमेच्या रूपाने दिसली पाहिजे.

हद्दीच्या प्रश्नावरही वाट आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१९ च्या आदेशानंतर जिल्हा पर्यावरण आराखडे करणे सुरू झाले. त्यामुळे एका जिल्ह्यातील महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायती एका चित्रात आल्या. पण भीमा पुणे जिल्ह्यात थांबत नाही. खोऱ्याचा हिशेब खोऱ्याच्या मापानेच मांडावा लागेल. त्याची सुरुवात फार खर्चिक नाही. पुण्याबाहेर पडणाऱ्या पाण्याचे महिन्यागणिक आकडे एका पानावर छापावेत आणि ते पान पुण्याच्या सभागृहाबरोबर सोलापूरच्या सभागृहातही ठेवले जावे. ते पाणी पिणाऱ्यांचे प्रतिनिधी तिथेच बसतात.