एक एकर आणि शेतकरी स्त्रीची क्षमता

क्षमता म्हणजे साधनांचा साठा नव्हे. हाती असलेली साधने योग्य वेळी, योग्य निर्णयाने वापरण्याची शक्ती म्हणजे क्षमता होय.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील अनेक गावे उद्ध्वस्त झाली. त्यानंतर घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या कामात गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. घरबांधणीचे तंत्र स्वतः शिकून त्यांनी ते इतरांस समजाविले. त्यांच्या सोबतीने काम करीत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था वाढली.

पुढे अवर्षणाच्या काळात या संस्थेने ‘एक एकर शेती’चा मार्ग धरिला. कुटुंबाच्या जमिनीपैकी सुमारे एक एकर स्त्रीने स्वतःच्या निर्णयाने कसावी. तीत धान्य, कडधान्ये व भाजीपाला मिश्र घ्यावा. खत घरीच तयार करावे. यामुळे खर्च घटतो, एक पीक बुडाले तरी दुसरे हाती येते व घरात सकस अन्न राहते. २०१७ साली या संस्थेस संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर पारितोषिक’ मिळाले.

तथापि सातबाऱ्यावर नाव नसेल तर स्त्रीस पीककर्ज मिळणे कठीण जाते. आणि तो एकर परत घेतला गेल्यास कौशल्य असूनही निर्णय तिच्या हाती राहत नाही. लक्ष्मी मुक्ती योजनेखाली पतीस आपल्या जमिनीत पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. त्याविषयी शेतकऱ्यांनी तलाठ्याकडे अवश्य चौकशी करावी. कसणाऱ्या हातास अधिकाराची जोड मिळाली, तरच घर, गाव व राष्ट्र सक्षम होईल.