विधिसंशोधन, अध्यापकांचे

विधी महाविद्यालये व विद्यापीठांचे विधी विभाग यांतील अध्यापकांनी कायद्याचा अर्थ, इतिहास आणि प्रत्यक्ष परिणाम यांविषयी केलेला पद्धतशीर अभ्यास व त्यावर आधारलेले लेखन. वकील अशिलाच्या बाजूने विचार करतो, न्यायाधीश समोरच्या वादापुरता. अध्यापकाला मात्र अंतिम निर्णय झाल्यावरही तो चुकीचा असल्याचे साधार दाखविता येते.

महाराष्ट्रात या लेखनाची परंपरा मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयापासून (स्थापना १८५५) मानता येते. तेथे अध्यापन केलेल्या दिनशा मुल्ला यांचे हिंदू व मुस्लिम कायद्यांवरील ग्रंथ न्यायालयांत आजही आधारासाठी घेतले जातात. पां. वा. काणे हेही तेथे काही काळ प्राध्यापक होते. त्यांचा धर्मशास्त्राचा बृहद् इतिहास पाच खंडांत १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झाला. पुण्यात १९२४ मध्ये स्थापन झालेल्या विधी महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे यांनी मिताक्षरादी ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे सिद्ध केली. या पिढीचे संशोधन मुख्यतः ग्रंथनिष्ठ होते.

याला वेगळे वळण मिळाले ते १९७९ मध्ये. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप असलेल्या दोन पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोषमुक्त केले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या विधिविद्वानांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहून, निमूटपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हे दाखवून दिले. त्यातून उसळलेल्या आंदोलनानंतर १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला व कोठडीतील बलात्काराच्या खटल्यांत संमती नसल्याचे गृहीतक आले. पुढे धागमवार यांनी सातपुड्यातील अक्राणीसारख्या आदिवासी प्रदेशांत कायदा कसा पोहोचतो, याचा स्वतंत्र अभ्यास केला.

अशा क्षेत्राभ्यासाची गरज पालघर जिल्ह्यातील (२०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) जव्हार व मोखाडा या तालुक्यांत विशेष जाणवते. वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी आदी जमातींचा हा प्रदेश अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत देण्यासाठी केलेला महाराष्ट्राचा १९७४ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये वैध ठरविला. निर्णयसंग्रहात एवढे वाचावयास मिळते. एखाद्या पाड्यावरची जमीन खरोखर परतली का, याचे उत्तर फेरफार नोंदींत, तहसील कचेरीतील प्रकरणांत आणि अखेर बांधावर शोधावे लागते.

वनहक्क कायद्याचे (२००६) दावे ग्रामसभा, उपविभागीय व जिल्हास्तरीय समित्यांपुढे चालतात. त्यांपैकी फारच थोडे उच्च न्यायालयापर्यंत जात असल्याने केवळ छापील निर्णयांवर विसंबणाऱ्या संशोधकाला ते दिसतच नाहीत. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करताना दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून ग्राह्य असते. ते बहुधा वारली वा कोकणा बोलीत सांगितले जाते व प्रमाण मराठीत उतरविले जाते. या उतरवण्यात काय गळते, हा विधिसंशोधनाचाच विषय होय.

कामाची अडचणही साधी नाही. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे शहरातील अध्यापकाला सवड मिळते, तेव्हा घरांना कड्या असतात. शिवाय असे लेखन जवळजवळ सर्वस्वी इंग्रजी नियतकालिकांत छापले जाते. ज्या वनहक्क समितीच्या सदस्याला त्याचा उपयोग व्हावा, त्याच्या हाती ते येत नाही, ही या शाखेची मोठीच उणीव आहे. वनजमीन कसल्याबद्दल वनखात्याने पूर्वी केलेल्या दंडाची पावती हीच आता ताब्याचा पुरावा म्हणून दाव्याला जोडता येते, ही एवढी माहितीही पुष्कळ घरांत पावती हरवल्यानंतर पोहोचली.