आगकाड्यांचा त्रिकोण

परवाच्या रविवारी आमच्या इंदूरच्या घरी एक लहानसाच प्रसंग घडला. सातवीत शिकणारा नातू मोबाइलच्या पडद्यावर विज्ञानाचा धडा पाहत बसला होता. चित्रे सुरेख, निवेदन सुबोध. पोलादी पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण का योजतात, हे त्यात समजावून दिले होते. चित्रफीत संपल्यावर मी सहज विचारले, "का रे, त्रिकोणच का?"

"तो सर्वांत मजबूत असतो ना, आजी!" उत्तर तयारच होते.

"पण का मजबूत असतो?" या दुसऱ्या प्रश्नावर मात्र स्वारी गप्प झाली.

ते मौन मला नवे नव्हते. शाळेत विज्ञान शिकविताना मीही वर्षानुवर्षे फळ्यावर उत्तरे लिहून दिली आणि मुलींनी ती निमूटपणे उतरवून घेतली. फळ्याची जागा आता पडद्याने घेतली, एवढाच काय तो फरक. मुलांचे हात तेव्हाही रिकामे होते आणि आजही रिकामेच आहेत.

वास्तविक यावरचा उपाय आपल्याच मध्य प्रदेशात शोधला गेला होता. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील (आताचे नर्मदापुरम) सोळा माध्यमिक शाळांत एका आगळ्या उपक्रमाचा आरंभ झाला. 'किशोर भारती' आणि रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्थांनी तो हाती घेतला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक खेड्यांतल्या शिक्षकांच्या शेजारी येऊन बसले. सहावी ते आठवीची मुले चार-चारांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करीत, शेतांत हिंडून निरीक्षणे टिपीत आणि निष्कर्ष आपल्याच शब्दांत मांडीत. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकात प्रश्न असत; उत्तरे मात्र मुलांनी शोधायची! परीक्षेतही ते पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती, कारण स्मरणशक्तीची परीक्षा घ्यायचीच नव्हती. मनातल्या शंका 'सवालीराम' या काल्पनिक मित्राला पत्राने कळवाव्यात, अशीही सोय होती.

१९७८ मध्ये हा उपक्रम साऱ्या जिल्ह्यात पसरला. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्को कारखान्यातील एक तरुण अभियंता, अरविंद गुप्ता, रजा घेऊन तेथे दाखल झाले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, एवढ्या सामग्रीतून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापावा, गूल खरवडलेल्या दोन काड्या दोन टोकांनी आत सारल्या की वळणारा सांधा तयार! पुढे १९८२ साली 'एकलव्य' संस्था स्थापन झाली आणि हे शिक्षण अनेक जिल्ह्यांतील शेकडो शाळांपर्यंत पोहोचले. २००२ मध्ये मात्र शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे जोपासलेले झाड एका आदेशाने तोडले गेले, याची खंत अनेक शिक्षकांच्या मनात राहिली.

परंतु बी नष्ट झाले नव्हते. अरविंद गुप्ता पुढे पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे रमले. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या तेथील वास्तूचे 'पुलस्त्य' हे नाव मराठी मनाला आपलेसे वाटावे असेच आहे. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याच्या त्यांच्या छोट्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत इंटरनेटवर विनामूल्य पाहायला मिळतात. २०१८ साली त्यांना 'पद्मश्री' लाभली.

त्यांतलीच एक चित्रफीत मी नातवाला लावून दिली. ती पुरी पाहण्याआधीच तो उठला, देवघरातली काडेपेटी घेऊन आला आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून नळीही मिळवून आणली. तासाभरात जमिनीवर त्रिकोण आणि चौकोन मांडले गेले. चौकोन दाबताच कलला, त्रिकोण तसूभरही हलेना. मग त्याने चौकोनात तिरपी काडी बसविली आणि तोही ताठ झाला.

"आजी, तीन बाजू ठरल्या की कोन आपोआप ठरतात! चौकोनाचे तसे नाही. म्हणून तो लचकतो!"

हे वाक्य त्या पहिल्या धड्यात असेलही. पण आता ते त्याचे स्वतःचे झाले होते.

पालकहो, पडद्याला दोष देऊ नये. तो चांगला की वाईट, याची कसोटी सोपी आहे: पाहणारे मूल बसूनच राहते, की काड्या शोधायला उठते? ते उठले, तर काडेपेटीतून गूल काढून देण्याचे आणि देवघरातला पसारा सोसण्याचे काम तेवढे आपले.